पुसल्याचा दाखला

सोहारला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते.
गुरुवार. बंदराकडच्या त्या ऑफिसात
निम्म्या खुर्च्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या,
कॅलेंडर काढल्यावर उरलेला उजळ चौकोन भिंतीवर.
खल्फान साहेबांनी कहव्याचा इवलासा पेला पुढे केला,
म्हणाले, मुकादम, यातलं काही बाहेर जाता कामा नये.
नाही जाणार, म्हटलं.
लोकांना वाटतं मी टोनर बदलतो.

यंत्र कोपऱ्यात होतं,
वऱ्हाड निघून गेल्यावर मागे राहिलेल्या
चुलवणासारखं, अजून कोमट.

याच्या आठवणी एका जागी नसतात, हे नव्या पोरांना
रुवीच्या वर्कशॉपात मी पहिल्याच दिवशी सांगतो.
एक असते विजेच्या जिवावर.
प्लग काढा, गेली. ओलं फडकं फिरवलेली पाटी.
तिची भीती नाही.
दुसरी नखाएवढ्या चिपमध्ये, वीज नसली तरी जागी:
भाषा, तारीख, नेटवर्कचा पत्ता, आजवरची पानं.
कारकून आहे ती. किती छापलं ते सांगेल,
काय छापलं ते विचारू नका.
आणि तिसरी, तबकडी.
तुम्ही म्हणता काढून टाक, ती म्हणते टाकलं,
आणि यादीतलं नाव तेवढं खोडते.
माणूस बसलेलाच असतो
आतल्या खोलीत, दार लोटून.

यादी उघडली. उघडावी लागते.
नावं दिसतात, मजकूर बघायचा नाही, एवढी शिस्त.
पगारपत्रकं. कांद्याच्या कंटेनरच्या पावत्या.
पासपोर्टच्या प्रती; सात वर्षांत या काचेवर
किती चेहरे पालथे निजले असतील.
'हत्ती-रंगवायला', चाळीस प्रती,
रविवारी सकाळी, साहेब यायच्या आधी.
नोकरी संपल्याची पत्रं, एकाच दिवशी बावीस.

तळाशी एक कुलूपबंद.
'अम्मा-३'. पान एक.
पाठवणारा सुकुमारन, हिशेब विभाग.
चार आकडी संकेताची वाट बघत
चौदा महिने.
पाठवलं, आणि यंत्रापर्यंत आला नाही.
टेबलापासून वीस पावलं. मी मोजली.

साहेबांना विचारलं. ते खिडकीशी गेले.
सुकुमारन चांगला माणूस होता, म्हणाले.
आखातात 'होता' म्हणजे इथे नाही, एवढंच.
कुठे, ते पुढच्या शब्दात असतं.
पुढचा शब्द आला नाही.

चार आकडे.
लोक बहुतेक जन्मसाल ठेवतात,
नाहीतर एक-दोन-तीन-चार.
माझं बोट एकावर होतं.
एक गरम पान हातात पडलं असतं.
मल्याळम मला वाचता येत नाही,
म्हणजे गुपित गुपितच राहिलं असतं,
असा वादही स्वतःशी घालून झाला.
बोट मागे घेतलं. पडद्यावर ठसा उमटला होता,
तो बाहीनं पुसला.

तीन फेऱ्या. आधी सगळीकडे शून्य,
मग एक, मग वाटेल ते.
चाळीस टक्क्यांना असरची बांग झाली.
साहेबांनी चटई अंथरली, त्यांच्या उजव्या हाताला मी.
सलाम फेरला तेव्हा मागे
यंत्र अजून घरघरत होतं.

मग हिरवी खूण.

दाखला द्यावा लागतो, सहीशिक्क्यासकट.
छापायला दुसरं यंत्र उरलं नव्हतं,
म्हणून यालाच सांगितलं.
यानं निमूट छापून दिला:
या यंत्रात कोणताही मजकूर शिल्लक नाही.
आणि मोजणीत एक पान वाढलं.
सहा लाख बारा हजार चारशे नऊ.
ते मी पुसत नाही, त्यावर भाडं ठरतं.

परतताना सहमच्या पुढे
खजुराच्या फांद्या भरलेला एक पिकअप आडवा आला.
पाटीवर चार आकडे होते.
वाचले.
मग त्याच्या पुढच्या गाडीचे.