मधले दोन तास

बत्तीस वर्षं मी दुधात पाणी शोधलं.
दूध संघाच्या फलाटावर, पहाटे साडेचारला,
काचेची नळी कॅनमध्ये सोडायची,
डोळा दुधाच्या पातळीला आणायचा
आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा:
एकोणतीस. तीस. सव्वीस.
सव्वीस म्हटलं की समोरचा माणूस
नळीकडे नाही,
माझ्याकडे बघायचा.

आता माझा आकडा दुसरं कुणीतरी म्हणतं.
एकशे अडुसष्ट, वर. शंभर, खाली.
डॉक्टर सोजतियांनी घोट्याशी अंगठा दाबला,
खळगा पडला आणि तसाच राहिला.
"पानी है, काका,"
म्हणाले, आणि पाणी काढायची गोळी लिहून दिली.
मला हसू फुटलं.
का, ते त्यांना कसं कळावं.

शेव बंद. लोणचं बंद.
इंदूरच्या माणसाला हे सांगायचं
आणि वर म्हणायचं, टेन्शन घेऊ नका.
कुमुदनं कॅलेंडरवर लिहून ठेवलं:
पाण्याची, सकाळी. पांढरी, पोटात काही गेल्यावर.
गुलाबी, रात्री आठ.
दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारीच लिहिलं,
त्यामुळे एका मंगळवारी
मी अर्धा लिटर घेतलाय की अर्धी गोळी, कळेना.

दोन महिने झाले, आकडा हलेना.
मल्हारगंजात भारिल्लांची मुलगी दुकानावर बसते,
केसांना पेन खोचून.
तिनं पाकीट उलटंसुलटं केलं, विचारलं,
"काका, लेते किसके साथ हो?"
दुधासोबत, अजून कशासोबत?
आमच्याकडे हळद दुधातून, एरंडेल दुधातून,
वडिलांना शेवटचा चमचासुद्धा दुधाचाच.
ती म्हणाली, बाकीच्यांचं चालेल,
पण या गुलाबीला दूध वाटेतच धरून ठेवतं,
रक्तापर्यंत पोचू देत नाही.
मध्ये दोन तास सोडा. पाण्यासोबत घ्या.

पाण्यासोबत.
मी घरी येईपर्यंत तो शब्द चघळत होतो.

तर आता आठला गुलाबी, साध्या पाण्याबरोबर,
आणि दहापर्यंत काही नाही.
तिकडे सराफ्यात कढया चढल्या असतील,
कडेला साय ओढून लावत असतील पोरं.
इकडे आम्ही दोघं ओट्यावर.
चाळीस वर्षांत इतका वेळ रिकामे बसलो नव्हतो.
कुमुद शेंगा सोलते, कधी नुसतीच सोलल्यासारखं करते.
आणि या दोन तासांत, रोज नाही, पण येतो
अंबाराम.

सांवेरकडचा. सायकलला दोन कॅन,
पहिलाच दिवस त्याचा, शर्टाची घडी मोडली नव्हती.
नळी सव्वीसवर.
मी म्हटलं, पाणी.
तो म्हणाला, "साब, अभी दुहा है,
गरम है, थोड़ा रुक जाओ."
मागं रांग होती. बापना घड्याळ बघत होते.
दोन्ही कॅन मी नालीत उपडे करवले.
दूध वाहत गेलं, वाफ निघत होती त्यातून.
वाफ मी पाहिली.

नुकतं काढलेलं, कोमट, पोटात फेस धरलेलं दूध
नळीला खोल जाऊ देतं, आकडा कमी दिसतो.
ट्रेनिंगच्या वहीत पहिल्याच पानावर होतं,
माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा:
थंड होऊ द्यावे, मग मोजावे.
तो पुन्हा आला नाही.
त्या गावाचं दूध नंतर दुसऱ्या कुणाच्या नावावर येऊ लागलं
आणि मी आकडे म्हणत राहिलो.

हे कुमुदला सांगितलेलं नाही.
काल सांगणार होतो,
पण तिनं विचारलं, पाय कसे आहेत,
मी अंगठा दाबून दाखवला,
खळगा जरा लवकर भरला.

दहा वाजले.
ती आतून पेला घेऊन येते, पदरात धरून,
"झाले बरं तुमचे दोन तास."
मी पेला ओट्यावर ठेवतो.
साय हळूहळू एकत्र येतेय.
"अहो, प्या की आता."
थांब जरा, म्हणतो मी,
गरम आहे.