ऐकीव

बाबा, पुन्हा सांगते. उजव्या अंगाला येऊन, मोठ्यानं सांगते:
अपिलात रडायचं नसतं.
"तोफेनं माहे कान खाल्ले" हे वाक्य मी खोडलं.
त्याच्या जागी परिच्छेद चार:
अर्जदारास सेवाकाळात श्रवणदोष जडला.
तुम्ही चष्मा वर करून विचारलंत,
"हा अर्जदार कोन? आपल्याच गावचा हाये का?"

वकिलांनी पाठवलेला कागद मी सेतू केंद्राच्या भिंतीला चिकटवलाय,
उत्पन्नाच्या दाखल्याच्या दरपत्रकाखाली.
प्रत्येक म्हणण्यामागे एक कागद हवा, प्रत्येक कागदावर पानाचा आकडा.
ज्याला पान नाही ते घडलं नाही.
आणि मुदत टळल्यावर सापडलेलं खरं
आधी उशिराची माफी मागतं,
मग दारात उभं राहतं.

मंडळानं दोन ओळींत उरकलं होतं:
दोष सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेत वाढलेलाही नाही.
जसं काही कानांनीच एका सकाळी राजीनामा दिला.

दमडू उईके तुमच्याच तोफेवरचे. देवरीला फोन लावला.
ते मागच्या पोळ्याला गेले.
त्यांची बायको म्हणाली, "हे सांगत जायचे,
लहानू कानातलं रगत पुसे आन् हासे."
वकील म्हणाले, हे ऐकीव. चालत नाही.
ऐकीव!
तुमच्या खटल्यात, बाबा.

भरतीचा कागद मात्र सापडला, पेटीच्या तळाशी, डांबरगोळ्यांत.
सहा मीटरवरून कुजबुज. दोन्ही कान. ऐकू येते.
नियम असा आहे की
भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल तर तो सेवेतला धरावा,
सिद्ध करायचं ओझं शिपायावर नाही.
"काय नाही?"
ओझं!
"काय?"
ओझं नाही तुमच्यावर, बाबा, ओझं!
तुम्ही दाराशी ठेवलेल्या सरकीच्या पोत्याकडं पाहिलंत
आणि उठायला लागलात.

त्याच पेटीत आईची आंतरदेशीय पत्रं होती, सतरा.
घरची पत्रं पुराव्यात कशाला, म्हणून बाजूला ठेवली.
मग एक वाचलं. वाचायचं नव्हतं.
"पोस्टातल्या फोनवर तुम्ही नुस्तं हो हो करता.
मी इचारलं होतं पोरीचं नाव काय ठेवू.
तीनदा इचारलं. रांगेतल्या बाया हासल्या.
तवरक बेबीच म्हनतो आम्ही."
तारीख, चौदा फेब्रुवारी चौऱ्याण्णव. टपालाचा शिक्का ठसठशीत.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर बेबी.
आधारवर बेबी.
मतदार यादीत, लग्नपत्रिकेत, या केंद्राच्या पाटीवर
बेबी लहानू वाढई.
मला वाटायचं लाडाचं आहे.

पत्राला पान त्रेचाळीस दिलं. दाखल्याला चव्वेचाळीस.
शिक्का मारताना शाई आईच्या अक्षरावर गेली थोडी.
वकील म्हणाले, हे चालेल, हे चांगलंच चालेल.

संध्याकाळी तुम्ही पान त्रेचाळीस मागून घेतलंत,
तुराटीच्या कुडाला टेकून वाचलंत,
घडी घातलीत, उघडलीत, पुन्हा वाचलंत.
मला खूण केलीत, जवळ ये.
तुम्ही, जे साधं पाणीसुद्धा ओरडून मागता,
कुजबुजलात.
एक नाव.

अपिलाच्या टप्प्यावर नवा मुद्दा मांडता येत नाही.
मी ते कुठंच लिहिलेलं नाही.
ऐकू आलं, एवढंच.