वीतभर

चौकट कापून उरतं ते वीतभर उरतं.
त्याहून लांब असलं तर सुतार ठेवून घेतो,
एखाद्या पलंगाच्या पायाला लागेल म्हणून.
आखूड असलं तर चुलीचं.
मधलं, ना चौकटीचं ना चुलीचं,
ते युरियाच्या पोत्यात, मशीनच्या मागं.
मी झाडताना पोतं सरकवायची,
झाडून झालं की परत जागेवर.

उन्हाळ्यात दुपारी लाइन जाते.
मशीन घरघरत थांबतं,
सुतार भुशावरच आडवा, तोंडावर दुपट्टा.
त्या दीड-दोन तासांत मी पहिला डबा केला.
रंधा त्याचा, पटाशी त्याच्या बापाची,
मुठीपाशी झिजून तिला कंबर आलेली.

एक तळ, दोन लांब भिंती, दोन आखूड,
खाचेतून सरकणारं झाकण.
सांगायला एवढंच.
पण खाच केसभर रुंद झाली की झाकण खुळखुळतं,
केसभर कमी पडली की श्रावणात फुगून बसतं
आणि मग पेन आत, तुम्ही बाहेर.
पहिले चार मीच चुलीत घातले. चहा झाला.
पाचवा सुतारानं उचलला,
झाकण ओढलं, ढकललं, पुन्हा ओढलं.
"आवाज बरा हाये," म्हणाला.
लग्नाला बावीस वर्षं झाली,
माझ्या स्वयंपाकाला तो इतकंही बोललेला नाही.

पोतं उपसलं तर आतून गाव निघालं.
हा हळदूचा पिवळा तुकडा ग्रामपंचायतीच्या खिडकीचा.
हा साग शालिकच्या पोरीच्या आंदणातल्या दिवाणाचा,
त्या दिवाणाचे पैसे अजून यायचे आहेत.
आणि हा, एका अंगाला सोनेरी रंग लागलेला,
मंडईतल्या नाटकातल्या सिंहासनाचा हात.
राजा तिसऱ्या अंकात रागानं बसला
आणि हात घेऊनच उठला.
त्याचं मी झाकण केलं,
सोनेरी बाजूवर रंधा फिरवला नाही.

अकरा डबे घेऊन शाळेपुढं बसले.
पोरांनी वास घेतला, झाकणं सरकवून सरकवून सैल केली.
"यात कर्कटक मावते का?"
नाही मावत.
दुकानात पन्नासला पत्र्याची पेटी येते,
वर मोटारगाडी, आत पाढ्यांचा कागद.
अकरा नेले, अकरा आणले.

मग आठवड्यानं बकाराम नेवारे आला.
सही करायलाही दुसऱ्याचं पेन मागणारा माणूस.
"पेनाचा डबा तूच करतं म्हणे?"
खिशातून रुमाल काढला, रुमालातून निळं पेन.
"लिवाचा नाई हा. टोचाचा."
साखरेचं. दोन वेळ, जेवणाआधी.
बांधीत वाकलं की खिशातून पडते,
एकदा चिखलात रुतलं होतं.
आधी दोन वर्षं बिज्याच्या पेल्यातलं पाणी प्यायला तो.
"पानी निळं होये, साखर काई हाले नाई."
मग हसला. "पर डबा बिज्याचाच कर.
तवा कामी नाई आला, आता तरी येऊ दे."

बिजा ओला झाला की बोटं लाल करतो.
दोन दिवस मी भाकरी थापल्या त्या लाल बोटांनी.
पेन जाड, म्हणून तळ कोरून खोल केला,
टोकाशी कापसापुरती जागा.
पैसे मी चाळीस सांगितले.
त्यानं लाखोरीची डाळ आणली, पायलीभर,
आणि उभ्या उभ्या झाकण चारदा सरकवलं.

आता आशाताईला थर्मामीटरसाठी एक पाहिजे.
म्हातारी सखू म्हणते तिला कवळीसाठी.
मी म्हटलं, कवळीला वीत लागत नाही.
"मंग अर्धी वीत कर."

सुतार काही बोलत नाही.
पण हल्ली चौकट कापताना
पेन्सिलीची खूण करतो, पुसतो, जरा अलीकडं करतो,
आणि उरतं ते चांगलं वीतभर, वर दोन बोटं.
त्याला वाटतं,
मी मोजत नाही.