इतिवृत्तात नसलेलं

चर्चच्या ओसरीत टाचणीने दोन कागद लावलेले असतात:
एक प्रार्थनेच्या वेळांचा, एक भरतीच्या.
पहिला चुकला तर आम्ही चालवून घेतो.

गावात यायला एकच वाट, बांधावरून.
उधाणाच्या दिवशी ती दोन तास नदीखाली असते,
म्हणून लग्नं इथं चंद्र बघून ठरतात
आणि मयतंही.
ॲम्ब्रोज थर्केटलला आम्ही चाळीस मिनिटांत पुरला.
पाद्रीबाई बूट हातात घेऊन परत पळाल्या,
शेवटचं आमेन त्यांनी बहुतेक गाडीतच म्हटलं.
त्याची बायको म्हणाली, असू दे,
त्याला जन्मभर घाईच होती.

काल सभा झाली. अकरा माणसं, लॅम्बर्टचा कुत्रा,
आणि तो हीटर, जो फक्त स्वतःपुरता तापतो.
नदीखात्याचा मुलगा नकाशा घेऊन आला होता.
त्यात आमचा बांध तुटक रेषेने काढलेला.
पुढल्या वसंतानंतर डागडुजी नाही, तो म्हणाला,
नदीला तिची जागा परत द्यायची आहे.
कोणी काही बोललं नाही.
परत, या शब्दाशी सगळे जरा अडखळले.
घेतली होती, हे खरं आहे.
माझ्या कपाटात वही आहे, उंदरांनी कोपरे खाल्लेली:
इतक्या गाड्या माती, इतके मजूर, इतकी बिअर,
आणि खाजणाचं कुरण झालं.
बिअरचा हिशेब मातीहून नीट ठेवलाय.

मी लिहिलं: माहिती देण्यात आली.

मग खालच्या रांगेचा विषय निघाला.
नऊ कबरी. त्यातली एक
‘नदीत सापडलेला इसम, वय अंदाजे तीस’ याची.
त्याला पुन्हा नदीत कसं जाऊ द्यायचं, लॅम्बर्टने विचारलं,
आणि कुत्र्याच्या कानामागे खाजवत बसला.
टेकडीवर जागा आहे. खर्चही खातं देईल.
हात वर करायची वेळ आली तेव्हा
सगळे थर्झा गॅरॉडकडे बघत नव्हते,
इतके बघत नव्हते की तिला कळलंच.

भिंतीपासून तिसरा, तो तिचा जोएल. सात वर्षांचा.
मीच नोंद केली होती, तेव्हा या कामावर नवीन होते,
शाई फुटली म्हणून तारीख दोनदा गिरवली,
अजून त्या पानावर ती बाकीच्यांपेक्षा काळी दिसते.

थर्झा म्हणाली, हलवू नका.
जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा,
आणि हा गुडघ्यापर्यंत चिखलात,
कुदळ्या पक्ष्यांच्या मागे.
वर नेलात तरी तो तिथं थांबणार नाही.
मग तिने पिशवीतून काड्या काढल्या
आणि मोज्याची टाच विणायला घेतली,
जणू विषय मोज्याचाच होता.

सहा विरुद्ध पाच.
कारकुनाला मत नसतं. चौतीस वर्षं हे मला बरं वाटत आलंय.
काल बरं वाटलं की नाही, ते ठरवता येत नाहीये.

मी लिहिलं: चर्चा झाली.
खोडलं. लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.

खुर्च्या लावेपर्यंत अंधार पडला होता.
बाहेर ओहोटी संपत आलेली, नदी म्हणजे नुसती एक दोरी,
दोन्ही बाजूंना चिखल, चकाकणारा, श्वास घेतल्यासारखे आवाज करणारा.
एवढीशी दिसते तेव्हाच तिच्यावर विश्वास ठेवू नये,
हे इथल्या पोरांना अक्षरांआधी शिकवतात.
सगळ्यांना नाही कळत.

पुढची सभा नऊ तारखेला, संध्याकाळी सात, असं लिहून
सही करणार होते.
तेवढ्यात आठवलं, ओसरीत गेले,
टॉर्च मारून दुसरा कागद पाहिला
आणि सातचे साडेचार केले.