मान्य तफावत

वैधमापन खात्यात माझी एकवीस वर्षं.
मस्जिद बंदरचे मिरचीवाले, झवेरी बाजारातल्या पेढ्या,
दादरच्या फुलबाजारातली ओलसर तागडी,
सगळ्यांच्या काट्यांवर माझं शिक्कामोर्तब.
काटा मारणारा दुकानदार
मी त्याच्या करंगळीवरून ओळखते.

आणि रोज सकाळी सव्वासहाला
वडाळ्याच्या क्वार्टरमध्ये, न्हाणीघराच्या दाराशी,
काचेचा एक चौकोन मला उभी करतो.
चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा.
काल चौऱ्याहत्तर सहा. परवा पंच्याहत्तर एक.
आज पुन्हा सहा.
एकोणीस दिवस.

काटा दुसऱ्या फरशीवर ठेवून पाहिला. सेल बदलले.
कचेरीतलं पाच किलोचं पितळी प्रमाण वजन
पर्समध्ये घालून घरी आणलं
(नियमात बसत नाही, कुठे बोलू नका)
आणि चौकोनावर ठेवलं.
पाच. बरोबर पाच.

मग खोट माझ्यात, असं धरून वही उघडली.
दोन फुलके एकशे साठ. मुगाची उसळ, वाटीभर, एकशे वीस.
चहा बिनसाखरेचा, तरी दुधाचे तीस.
संध्याकाळी शेंगदाणे दहा, दहाच, मोजून.
आकडे सगळे जागच्या जागी.
मीही.

मध्येच मावसभावाच्या मुलीचं लग्न, डोंबिवलीला.
मसालेभात, अळूचं फदफदं, जिलब्या दोन, मठ्ठा.
दुसऱ्या दिवशी दीड किलो वर!
मी हिशेब मांडला: दीड किलो चरबी म्हणजे
साडेअकरा हजार कॅलऱ्या जादा.
एवढं जेवले असते तर
मुलीच्या बापाने मांडवातच मला हात जोडले असते.
हिशेब पटला.
तरी दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

गुरुवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावर तपासणी.
सोबत घरत, शिक्क्यांची पेटी घेऊन, जांभया देत.
चांगुणा तांडेलला म्हटलं, सुरमई टाक काट्यावर.
ती म्हणाली,
"थांबा मॅडम, बर्फाचं पानी निथलू द्या आधी.
पान्याचं वजन मासलीचं नसतं.
ते येतं न् जातं."
याच पाण्यापायी दोन वर्षांपूर्वी
मी तिला दंड केला होता.

सुरमईच्या शेपटीवरून थेंब पडत होते
आणि मी उभी.
मठ्ठ्यातल्या मिठाने धरलेलं पाणी.
लग्नघरच्या जागरणाने धरलेलं.
जाता जाता मध्येच परत आलेल्या पाळीने
पोटाशी धरून ठेवलेलं, लोटाभर.
एवढं साधं, आणि मला शिकवायला
कोळीण लागली.

पण सगळंच काही पाणी नव्हतं.
घरी येऊन तेलाचा चमचा तोलला.
वहीत पाच ग्रॅम. काट्यावर नऊ.
मापात पाप, तेही माझ्याच ओट्यावर,
आणि पावती फाडायची कुणाच्या नावे?

शिवाय हे:
संक्रांतीपासून माझे बारा किलो उतरले.
ते गेले, पण त्यांचं पान मी अजून मांडते आहे.
ज्या जाड बाईचा हिशेब जानेवारीत वहीत लिहिला
तिच्याच मापाने जेवते आहे ही दुसरी.
हिला तीन जिने चढायला तेवढं सरपण लागत नाही.
त्यात अंग म्हणजे जुन्या घरातली सून,
मिळकत घटली की न सांगता
हातचं राखून खर्चू लागते.

आमच्या नियमांत प्रत्येक काट्याला
थोडी चूक माफ असते.
तेवढ्यात बसला की शिक्का. वर वाद नाही.
आज आकड्यापुढे मी पेन्सिलीने लिहिलं, "मा. त."
आणि चौकोन पलंगाखाली सरकवला, सोमवारपर्यंत.
(शनिवारीच काढेन बहुतेक.)

डब्यात दीडच फुलका खाल्ला.
उरलेला अर्धा, त्या जुन्या बाईच्या वाटचा,
दुपारी घरतने उचलला.
विचारलंसुद्धा नाही.