तरी चार

आर्डिथबाईंनी आधी कुत्र्याचं सांगितलं:
वर्ष झालं, तलावाच्या काठाला
ओला पंजा टेकला की केकाटतो.
मग स्वतःचं, जरा ओशाळून:
शिडी धरली की मुंग्या येतात.
मुलगा म्हणतो, वय झालं.

लास क्रूसेसची ऑगस्टमधली दुपार.
वेंडेलने मीटरची एक तार पाण्यात सोडली,
दुसरी ओल्या फरशीवर.
चार व्होल्ट.
पंप बंद केला. चार.
तलावातला दिवा तोडला. चार.
शेवटी घराचा मेन स्विच पाडला,
फ्रीज गप्प झाला, पंखा रेंगाळत थांबला,
तरी चार.

म्हणजे हे घरचं नव्हेच,
गल्लीतल्या खांबावरून न्यूट्रलच्या वाटेनं आलेलं.

वीजकंपनी येईल तेव्हा येईल.
त्याने काठ फोडायला घेतला.
शिडी, कठडा, पंप, पाणी,
सगळं तांब्यानं एकमेकांना बांधलेलं;
फरशी तेवढी सुटी राहिलेली,
अनवाणी पायांखालची.

"वीज हाकलायची नसते," तार कसत तो म्हणाला,
"सगळ्यांना एका पातळीवर आणायचं.
मग तिला जायला कुठं उरत नाही."

चौथ्या दिवशी काटा शून्याशी.
आर्डिथबाई अंधार पडेतो पोहल्या.

कुत्रा कुंपणापाशीच बसून.
त्याला मीटर कोण दाखवणार?