काटा हलला नाही

ग्रामीण रुग्णालयातला आमचा तराजू
रेशन दुकानानं टाकून दिलेला.
पन्नास ग्रॅमच्या आतलं त्याला काही कळत नाही.
तेवीस वर्षं मी त्यावर माणसांचं आतलं ठेवतो,
आकडा सांगतो, हात धुतो, डबा खातो.
सवय असते.

आखाडीनंतर नहराच्या पुलावर ट्रॉली उलटली.
रोवणीच्या बाया. सात जखमी, एक गेली.
पंचफुला रुषी गेडाम, वय बत्तीस,
पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला,
कवटी मागून फुटलेली.
यात शोधायचं काय होतं?
जमादार दारातच उभा, घड्याळ बघत:
"डोक्याचा मार लिहा ना मॅडम, पाऊस येऊन रायला."

पण बोरकुटे मॅडम नवीन. पूर्ण उघडतात.
डाव्या बरगडीखाली हात घातला
आणि तिथंच थांबल्या,
अंधारात खुंटीवरची किल्ली चाचपावी
आणि नुसती खुंटीच हाताला लागावी, तसं.
"पानथरी कुठाय, झनकभाऊ?"

मूठभर असते ती. हिवतापानं फुगली तर दोन मुठी.
इथं निघाली सुपारी.
तपकिरी, चिवट, कापताना करकरली.
तराजूवर ठेवली.
काटा हलला नाही.

"सिकल आहे," मॅडम म्हणाल्या, माझ्याशी नाही, तिच्याशीच.
"लहानपणापासून रक्त विळ्यासारखं वाकत राहिलं,
वाकून अडकत राहिलं.
पानथरी आतल्या आत कधीच वाळून गेली.
किती दुखलं असेल गं तुला."

बाहेर तिची जाऊ सकाळपासून रडत सांगत होती,
बाया सांगतात तसं, चांगलं-वाईट एकाच सुरात:
"बांधीत उतरली का घंट्याभरात पाय धरे.
थंड्या पान्यानं हाडं फुटते म्हने.
आमी म्हनो कामचोट्टी. मुकादम अर्धी रोजी कापे.
काल धुऱ्यावर बसली, त मीच बोलली तिले."

असं आधीही निघालंय.
मण्यार चावून आलेल्या दयाराम पिपऱ्याच्या पित्तात
एकतीस खडे. मी ताटलीत मोजले.
सून भिंतीला टेकली होती:
"म्हनून बुवा ताट सारत होते का?"
तिला काय सांगणार. हो म्हणालो.

कागदावर मरणाच्या कारणापुढं लांब रेघ आहे,
पानथरीपुढं बोटभर जागा.
मॅडमनी तिथं बारीक अक्षरात लिहिलं,
मग समासात, मग पान आडवं करून.
"याचा केसशी काय संबंध?" जमादार.
"काही नाही," मॅडम म्हणाल्या, आणि लिहीत राहिल्या.

मी दाभण घेतलं. एरवी पोतं शिवावं तसं शिवतो.
त्या दिवशी टाके जवळजवळ पडले.
का, माहीत नाही.

मोहाच्या झाडाखाली तिची पोरगी होती. आचल. नऊ वर्षांची.
रडत नव्हती.
गुडघे पोटाशी घेऊन नडग्या चोळत होती.
रुषी ओशाळून म्हणाला,
"असीच करते ते. शाळेत जा म्हटलं का पाय दुखते."
मॅडम उकिडव्या बसल्या,
अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली.
डोळ्याचं पांढरं पांढरं नव्हतं,
हळदीचा हात पुसावा तसं.

जावेनं पाहिलं.
बसल्या बसल्या सरकत आली,
पोरीचे पाय मांडीवर घेतले
आणि दाबायला लागली,
कोणाकडंच न बघता.

"सुई टोचसान का?" पोरीनं विचारलं.
"टोचीन. एकदाच."
पोरगी जरा वेळ गप्प.
मग आतल्या दाराकडं बघत:
"मायले टोचली होती का कधी?"

मी नळ सोडला.
हात तर मघाच धुऊन झाले होते.